मशीनमध्ये टाकण्याआधी

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही नवा कूलर घेतला. सोलापुरात एप्रिलमध्ये कूलर घेणं म्हणजे उशीरच, पण ते असो. बिलावरच गॅरंटी होती, ते हरवू नये म्हणून मी ते घरच्या लॅमिनेशन मशीनमध्ये घातलं. मशीन बायकोचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शब्दपट्ट्या, चित्रकार्डं, पाढ्यांचे तक्ते टिकावेत म्हणून तिने ते घेतलेलं. बिल एका बाजूने पांढरं आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने काळं कुळकुळीत बाहेर आलं. तारीख नाही, रक्कम नाही, दुकानाचा शिक्काही दिसेना. गॅरंटी अगदी व्यवस्थित सीलबंद झाली होती, फक्त वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याला दाखवलं तर तो हसला. म्हणाला, "मालक, ह्यात शाई नसतीय. कागदच तापवून काळा करत्यात. तुम्ही सगळाच तापवला."

त्याने एका वाक्यात जे सांगितलं, त्यातच लॅमिनेशनचं निम्मं शास्त्र आहे. बिलाच्या, एटीएमच्या, एसटीच्या तिकिटाच्या त्या गुळगुळीत कागदाला वरून एक थर दिलेला असतो. त्यात रंगहीन रंगद्रव्य आणि एक आम्लधर्मी पदार्थ शेजारी शेजारी असतात. उष्णता लागली की दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळा रंग उमटतो. छपाईयंत्र फक्त अक्षरांपुरतं तापवतं. लॅमिनेशन मशीनचे रोलर शंभर अंशांच्या वर तापलेले असतात, ते अख्खा कागद तापवतात. अशा बिलाचा फोटो काढावा किंवा झेरॉक्स काढून ती जपावी. मूळ बिल नुसतं फायलीत ठेवलं तरी वर्षा-दोन वर्षांत फिकट होत जातं.

तेव्हापासून आमच्या गल्लीत मी लॅमिनेशनचा जाणकार झालो. एकदा तोंडघशी पडलेल्या माणसाचा सल्ला लोक आवडीने घेतात. शेजारपाजारचे काहीबाही घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "जाड करू का पातळ?" माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, हा कागद मूळ आहे की प्रत? दुसरा, ह्याला नक्की कशापासून वाचवायचंय? हाताळणीपासून, पाण्यापासून, की उन्हापासून?

मूळ कागद असेल तर

जून महिना आला की कलेक्टर कचेरीपासून तहसीलपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी असते. दाखले, मार्कशीट, उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअर. मुलाचं कौतुक म्हणून आई-बाप मार्कशीट लॅमिनेट करून घेतात. जिवापाड जपायची म्हणूनच करतात आणि नेमकी तिथेच चूक होते.

पाउचच्या आत काय होतं ते बघू. पाउच म्हणजे एका कडेला जोडलेले दोन पारदर्शक पापुद्रे. प्रत्येक पापुद्र्याला बाहेरून पॉलिएस्टर असतं आणि आतून गरम झाल्यावर वितळणारा गोंदासारखा थर. रोलरमधून जाताना हा थर वितळतो, कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो आणि थंड झाला की तिथेच घट्ट बसतो. आता प्लास्टिक आणि कागद वेगळे उरलेलेच नसतात. प्लास्टिक ओढलं तर कागदाचा वरचा थर अक्षरांसकट निघून येतो. लग्नाची गाठ म्हणतात ती सुटेल एखादवेळ, ही सुटत नाही.

मूळ कागदाची किंमत त्याच्यावरच्या मजकुरात जेवढी, तेवढीच तो कागद तपासता येण्यात असते. उमटवलेला शिक्का बोटाला लागला पाहिजे, शाई कागदात मुरलेली दिसली पाहिजे, जलचिन्ह उजेडात धरून बघता आलं पाहिजे. रोलरखाली उठावाचा शिक्का चपटा होतो आणि बाकी सगळं चकचकीत थराखाली जातं. परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे तिकडे कागद खरा धरला जावा म्हणून सरकारी प्रमाणन, करतात तेव्हा कागदाच्या मागे शिक्का-स्टिकर लागतो. प्लास्टिकवर तो लावणार कुठे? काही ठिकाणी लॅमिनेट केलेला कागद चालवून घेतात, काही ठिकाणी परत पाठवतात. आपल्या नशिबी कुठला टेबलवाला येईल ते आधी कळत नाही.

आपल्याकडे ह्यात भर पडते ती जातपडताळणीची. त्यासाठी आजोबा-पणजोबांचे जुने कागद शोधावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे साठ-सत्तर वर्षं जुना, घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला शाळेचा दाखला. असा कागद हातात आला की पहिली ऊर्मी होते ती लॅमिनेट करायची, आणि नेमका हाच कागद कधीही करू नये. जुना कागद आम्ल धरून ठिसूळ झालेला असतो. प्लास्टिकमध्ये बंद केला तरी ते आम्ल आतच राहतं आणि आपलं काम करतच राहतं. वरून उष्णतेचा झटका बसतो तो वेगळाच.

ही काही आपलीच चूक नाही. मोठमोठ्या दफ्तरखान्यांनीही ती केलेली आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात विल्यम बॅरो ह्यांनी जुनी कागदपत्रं सेल्युलोज अॅसिटेटच्या पापुद्र्यात उष्णता आणि दाब देऊन बसवायची पद्धत रुजवली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात उष्णतेशिवाय, अॅसिटोन वापरून हाताने करायची पद्धत निघाली. यंत्र परवडत नाही तिथे ती सोयीची म्हणून नावाजली गेली. नंतर लक्षात आलं की सेल्युलोज अॅसिटेट स्वतःच कुजतं, त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो आणि सुटणारं आम्ल कागदाला खातं. आज जतन करणारे लोक असाच उपाय पसंत करतात जो पुढे कधीतरी उलटवता येईल.

घरासाठी तसा उपाय स्वस्तच आहे. कागद घड्या मोडून सपाट करावा, पारदर्शक पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या मोकळ्या पाकिटात सरकवावा आणि ते पाकीट फायलीत ठेवावं. चिकटवायचं काहीच नाही. मऊ, वास मारणारी पीव्हीसीची कव्हरं मात्र टाळा. त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू सुटतो आणि झेरॉक्सची काळी पूड त्याला चिकटते. जुन्या फायलीतून झेरॉक्स ओढून काढताना अक्षरं कव्हरवर उलटी उमटलेली दिसतात ना, तोच प्रकार. आणि फाटलेल्या घडीवर सेलोटेप लावू नका. काही वर्षांनी टेप सुटते, तपकिरी डाग राहतो.

बरं, रोज दाखवायला लागणाऱ्या कागदांचं काय? त्यांच्या प्रती आहेत की. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने दिलेली कागदपत्रं २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जातात. आपणच फोटो काढून चढवलेल्या कागदांना तो मान नाही, हा फरक बरेच जण विसरतात. डिजिटल सहीचा सातबारा हवा तेव्हा पुन्हा काढता येतो. त्याची प्रत खुशाल लॅमिनेट करून शेतावरच्या खोलीत टांगा. पण खरेदीखत, वाटणीपत्र, स्टॅम्प पेपरवरचं काहीही: नको.

आधारबद्दल हमखास विचारतात. ते देणाऱ्या प्राधिकरणाने २०१८ मध्येच सांगितलंय की आधारपत्र, त्याचा कापून घेतलेला भाग, साध्या कागदावर छापलेली डाउनलोड प्रत आणि मोबाइलमधलं एमआधार, सगळं सारखंच वैध आहे. बाहेर प्लास्टिकवर छापून घेतलेल्या कार्डातला क्यूआर कोड वाचला न जाण्याची शक्यता असते. प्लास्टिकचंच हवं तर त्यांच्याकडून अधिकृत पीव्हीसी कार्ड मागवता येतं. कापलेला भाग लॅमिनेट करून खिशात ठेवला तर बिघडत नाही, पुन्हा काढता येतो म्हणून. फक्त फार चकचकीत पाउच नको, दिव्याखाली क्यूआर कोडवर उजेड परावर्तित झाला की स्कॅन व्हायला त्रास होतो.

आता जाड की पातळ

कागद प्रत आहे, पुन्हा मिळण्यासारखी आहे, तर मग निवडीची मजा आहे.

जाडी मोजतात मायक्रॉनमध्ये. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. झेरॉक्सचा साधा कागद साधारण शंभर मायक्रॉन. पाउच १२५ पासून २५० पर्यंत सहज मिळतात. पण पाकिटावरचा आकडा एका बाजूचा आहे की दोन्ही बाजू मिळून, हे विचारून घ्यावं. दोन्ही पद्धती चालतात आणि त्यात दुपटीचा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. कडकपणा पॉलिएस्टरमुळे येतो, आतल्या चिकट थरामुळे नाही. स्वस्त पाउचमध्ये पॉलिएस्टर पातळ आणि चिकट थर जाड ठेवून मायक्रॉनचा आकडा भरून काढतात. म्हणून एकाच आकड्याचे दोन पाउच हातात घेतले तर एक कडक भाकरीसारखा ताठ असतो आणि दुसरा सकाळची भाकरी दुपारी डब्यातून काढल्यासारखा लवचीक. न तापवलेला पाउच वाकवून बघा, लगेच कळतं.

भिंतीवर लावायचा तक्ता, सूचना, वेळापत्रक ह्यांना पातळ पुरे. दिवसभर हातातून हातात जाणाऱ्या गोष्टींना जाड हवा: खानावळीचं मेनूकार्ड, मुलांची शब्दकार्डं, यंत्रमागाच्या कारखान्यात मशीनशेजारी टांगलेली सूचना. खानावळीत कार्डाला शेंगाचटणीच्या तेलाची बोटं लागणार, ओल्या फडक्याने पुसणार. तिथे जाडीइतकीच महत्त्वाची असते कड. कागदाच्या चारही बाजूंना तीन-चार मिलिमीटर तरी प्लास्टिक मोकळं राहिलं पाहिजे. नुसतं प्लास्टिकला प्लास्टिक चिकटलेलं. नीटनेटकं दिसावं म्हणून अगदी कागदाला लागून कापलं की कड उघडी पडते, पाणी कागदाच्या तंतूंतून आत चढतं आणि महिन्याभरात कार्डाचे पापुद्रे सुटू लागतात. मेनूकार्ड खराब होण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच, प्लास्टिकचा दर्जा नव्हे. कोपरे गोल करावेत. मुलांच्या कार्डांचे तर नक्कीच, टोकदार कोपरा डोळ्याला लागतो.

ग्लॉसी की मॅट, ह्यावर बायकोचा आणि माझा वाद आहे. ग्लॉसीत रंग गडद, खोल दिसतात. त्यावर व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहून कापडाने पुसताही येतं. पाढ्यांच्या तक्त्यावर ती मुलांकडून रिकाम्या जागा भरून घेते, पुसते, पुन्हा भरून घेते. मॅटवर मार्कर नीट पुसला जात नाही, डाग राहतो. म्हणून ती ग्लॉसीच्या बाजूची. माझं म्हणणं, भिंतीवर खिडकीसमोर लावलेला ग्लॉसी तक्ता मागच्या बाकावरून दिसतच नाही, नुसता उजेड चमकतो. शेवटी तोड निघाली: हातात द्यायचं ते ग्लॉसी, भिंतीवर टांगायचं ते मॅट. दुकानात बोटांचे ठसे दिसू नयेत असं काही असेल तरी मॅट बरा, पण काळ्या किंवा गडद रंगावर त्याला ओरखडे फार दिसतात. गडद लाल मॅट लग्नपत्रिका हातात घेऊन नखाने हलकीशी घासून बघा. अर्थात पत्रिका आणि पुस्तकांची मुखपृष्ठं ह्यांचं लॅमिनेशन वेगळं असतं. त्यात पंचवीस-तीस मायक्रॉनची अगदी पातळ फिल्म छापखान्यातच एका बाजूला चढवतात. एकाच बाजूला चढवल्यामुळे पावसाळ्यात मुखपृष्ठ वळतं: कागद दमट हवेत फुगतो, प्लास्टिक फुगत नाही.

मशीनबद्दल थोडंसं. तापल्याचा दिवा लागल्याशिवाय कागद आत घालू नये. पाउचची बंद कड आधी आत गेली पाहिजे, उघडी कड आधी गेली तर रोलरला गुंडाळते. पाउच धुरकट, पांढरट निघाला तर उष्णता कमी पडली. लहरी, सुरकुत्या आल्या तर जास्त झाली. इंकजेटवर छापलेला कागद ओलसर असतो, तो पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर वाफेचे बुडबुडे अडकतात. निघालेला गरम पाउच सपाट जागेवर थंड होऊ द्यावा, खाली जाड पुस्तक, वरही जाड पुस्तक.

फोटो

आपल्याकडे फोटोचं लॅमिनेशन म्हटलं की लोकांच्या मनात बहुधा वेगळीच गोष्ट असते: एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीवर फोटो चिकटवून वरून फिल्म दाबलेली, कडा काळ्या किंवा सोनेरी. काच नाही, त्यामुळे फुटत नाही आणि चमकतही नाही. देवघरात, दुकानाच्या गल्ल्यावर, हार घातलेल्या आजोबांच्या तसबिरीत हेच असतं. काम छान आहे. एक सांभाळावं, पाणी लागलं की एमडीएफ फुगतो. ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये आणि ओल्या फुलांचा हार दिवसेंदिवस त्यावर ठेवू नये.

पण पाटीवर चिकटवायचा तो फोटो नवी प्रिंट असावा. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतलं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. उष्णतेने आणि ओलीने जिलेटिन मऊ पडतं, चिकटवल्यावर ते परत सुटत नाही. आजी-आजोबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो आधी चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्यावा, मोठी प्रिंट काढावी आणि तिचं हवं ते करावं. मूळ फोटो काचेच्या चौकटीत लावायचाच असेल तर मधे जाड कागदाचा माउंट घालावा, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. टेकलेली काच काही पावसाळ्यांनंतर फोटोला चिकटून बसते. ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बमही घरोघरी आहेत. त्यांतले फोटो सहज निघत असतील तोवर काढून घ्या.

लॅमिनेशन केल्याने फोटोचा रंग उडत नाही, असा समज आहे. पाणी आणि हात अडतात, प्रकाश अडत नाही. साधं पॉलिएस्टर अतिनील किरणांतला थोडाच भाग अडवतं, बाकीचे आरपार जातात. खिडकीसमोरच्या भिंतीवरचा फोटो लॅमिनेट केला तरी फिका पडणारच.

बाहेर लावायचं असेल तर

सोलापूरचं ऊन हा ह्या विषयातला स्वतंत्र अध्याय आहे. आमच्या चौकातल्या वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवर सगळे नेते निळसर पडलेले दिसतात. राजकारणाशी त्याचा संबंध नाही. छपाईतला गुलाबी आणि पिवळा रंग उन्हात आधी उडतात, निळा-काळा मागे राहतो.

बाहेरच्या फलकाला गरम पाउच चालत नाही. तिथे कोल्ड लॅमिनेशन: मागे चिकट थर असलेली फिल्म, जी नुसत्या दाबाने रोलरवर बसवतात. छापलेलं व्हिनाइल म्हणजे प्लास्टिकचा चिकट कागद, वर ही फिल्म, आणि सगळं मिळून सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर चिकटवलेलं, असा दुकानांच्या पाट्यांचा नेहमीचा प्रकार. फिल्म घेताना अतिनील किरणांना अडवणारी आहे का, हे विचारावं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाटीला तर विचारायलाच हवं. स्वस्त व्हिनाइल उन्हात आकसतं, कडा उचलल्या जातात आणि तिथून धूळ आत शिरते. छपाईवाल्याला घाई करू नये, हेही मी शिकलोय. सॉल्व्हंटची शाई वाळल्यासारखी दिसली तरी तिच्यातून बाष्प निघत असतं. किमान एक दिवस थांबून मग फिल्म चढवली नाही तर खाली बुडबुडे येतात आणि चिकटपणाही कमी होतो.

प्रदर्शनात चादरी-टॉवेलचे फोटो लावणाऱ्यांसाठी माझं ठाम मत: मॅट. सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली ग्लॉसी फलकावर विणीचं नक्षीकाम दिसतच नाही, दिवे दिसतात. आमच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलला मात्र एवढा खटाटोप कशाला? जानेवारीतले ते दिवस साधा फ्लेक्स आरामात काढतो. फक्त १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या फलकांवर देशभर बंदी आहे, तेवढं बघून छापावं.

आधीच केलेलं असेल तर

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर लोकांना आवडत नाही. सोडवायला जाऊ नका. इस्त्री फिरवून, केस वाळवायचं यंत्र लावून, ब्लेडने कड उचलून निघतं असं सांगणारे भेटतात. निघतं ते बहुतेकदा अर्धा कागद घेऊन. कागद वाचता येत असेल तर चांगला स्कॅन करून ठेवा, आणि ज्यांनी तो दिला त्यांच्याकडे दुसरी प्रत मागा. दहावी-बारावीच्या मार्कशीटची दुसरी प्रत बोर्डाकडून मिळते, डिजिलॉकरही बघावं. शाळेच्या दाखल्याची अडचण असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते, तिचा निर्गम उतारा मागता येतो.

शेजारच्या अण्णांच्या वडिलांचा दाखला असाच बुडबुडे आलेल्या प्लास्टिकमध्ये अडकलेला होता, जन्मतारखेवर नेमका पांढरा डाग. नातीच्या जातपडताळणीला तो लागत होता. अण्णा गावच्या शाळेत दोन खेपा घालून उतारा घेऊन आले. माझ्याकडे आले तेव्हा तो त्यांच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेला होता आणि दुसऱ्या हातात लॅमिनेशनचा नवा पाउच.

"आधी ह्याची झेरॉक्स काढून आणा," मी म्हणालो, "पाउच तिच्यासाठी ठेवू."

अण्णा चप्पल घालून परत निघाले.